इलेक्ट्रॉनचा हिशोब: आयन कसे होतात, बंध कसे जुळतात

खताच्या दुकानात तीन पोती शेजारी शेजारी दिसतात: युरिया, डीएपी आणि म्युरेट ऑफ पोटॅश (म्हणजे पोटॅशियम क्लोराइड). तिन्ही दाणेदार, तिन्ही पाण्यात विरघळणारी. पण पाण्यात गेल्यावर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पोटॅशचे सुटे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू किंवा अणूंचे गट, होतात. युरियाचा रेणू विरघळूनही जसाच्या तसा राहतो. डीएपीमध्ये मात्र आयन सुटे होतात आणि त्या प्रत्येक आयनाच्या आतले बंध शाबूत राहतात. हा सगळा फरक अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांमुळे पडतो. हिशोब तेवढ्याच इलेक्ट्रॉनांचा करायचा असतो, आणि तो नीट जमला की आठवी ते दहावीच्या पुस्तकांतली निम्मी सूत्रं पाठ करावी लागत नाहीत.

एक गोष्ट आधीच पक्की करा. रासायनिक क्रियेत केंद्रक बदलत नाही. प्रोटॉन ना जातात ना येतात. त्यामुळे "सोडियमने एक प्रोटॉन मिळवला म्हणून तो धन झाला" असं उत्तर लिहिलं की प्रश्न तिथेच बुडाला. देवाणघेवाण होते ती फक्त इलेक्ट्रॉनांची.

पहिली पायरी: कवचं भरा

अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या, आणि उदासीन अणूत इलेक्ट्रॉनही तेवढेच. पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८. तिसऱ्यात? इथे बरेच जण फसतात. कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून दुप्पट केली की तिसऱ्या कवचाची क्षमता १८ येते, म्हणून कॅल्शियमचं (अणुअंक २०) संरूपण, म्हणजे इलेक्ट्रॉनांची कवचवार मांडणी, २, ८, १० अशी लिहिली जाते. ते चूक आहे. बाहेरच्या कवचात एका वेळी ८ पेक्षा जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत, म्हणून आठ झाले की पुढचे दोन चौथ्या कवचात जातात. बरोबर संरूपण २, ८, ८, २. पोटॅशियमही २, ८, ९ नाही, २, ८, ८, १. हा साधा नियम पहिल्या वीस मूलद्रव्यांपुरता चालतो. लोह, तांबं यांना तो लावायला जाऊ नका, तिथे आतली कवचं वेगळ्या क्रमाने भरतात.

सरावासाठी सोडियम (११), मॅग्नेशियम (१२), ॲल्युमिनियम (१३), ऑक्सिजन (८), फ्लोरिन (९) आणि क्लोरीन (१७) एवढ्यांचं संरूपण न बघता लिहा. शेवटचा आकडा अधोरेखित करा. तेच संयुजा इलेक्ट्रॉन.

दुसरी पायरी: द्यायचे, घ्यायचे की वाटून घ्यायचे

शेवटचा आकडा १, २ किंवा ३ असेल तर बहुधा ते इलेक्ट्रॉन जातात आणि आतलं भरलेलं कवच उघडं पडतं. ५, ६ किंवा ७ असेल आणि समोर इलेक्ट्रॉन देणारा धातू असेल, तर आठ पुरे होईपर्यंत इलेक्ट्रॉन येतात. समोर दुसरा अधातू असेल तर घेणार कोणाकडून? मग भागीदारी होते. ४ असेल तर, म्हणजे कार्बन आणि सिलिकॉन, जवळजवळ नेहमीच भागीदारी. हायड्रोजनला आठ नव्हे, दोनच पुरतात. पहिल्या कवचाची तेवढीच क्षमता, तिला द्विक स्थिती म्हणतात.

आता आयनावरचा भार काढायचा. सूत्र एकच:

भार = प्रोटॉन वजा इलेक्ट्रॉन

सोडियम: ११ − १० = +१. क्लोरीनने एक घेतल्यावर: १७ − १८ = −१. ॲल्युमिनियमने तीन दिल्यावर: १३ − १० = +३. इलेक्ट्रॉन "गेला" म्हणून मन आपोआप वजा चिन्हाकडे धावतं, पण इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण आहे. तो गेला की उरतं ते धन. शंका आली की चिन्ह अंदाजाने टाकू नका, वजाबाकी मांडा.

आयन झाल्यावर आकारही बदलतो. सोडियम अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, सोडियम आयनाची १०२. तिसरं कवच पूर्ण रिकामं झालं, म्हणून एवढी घट. क्लोरीनचं उलट: अणूची त्रिज्या ९९, क्लोराइड आयनाची १८१. प्रोटॉन तेवढेच, पण त्यांना एक इलेक्ट्रॉन जास्त सांभाळायचा आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना लोटणार, म्हणून ढग फुगतो.

अणू आणि आयन यांच्या वागण्यात केवढी दरी असते हे पाण्यावरूनच कळतं. फ्लोरिन हा अत्यंत दाहक वायू, फ्लोराइड मात्र खडकातून पाण्यात उतरणारा शांत आयन. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात तो जास्त सापडतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक मानतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, पुढे हाडंही धरतात. अहवालात "फ्लोराइड" लिहिलेलं असतं आणि गावात "पाण्यात फ्लोरिन आहे" असं बोललं जातं. परीक्षेत मात्र दोन्ही एक धरू नका.

इलेक्ट्रॉन फुकट जात नाही

"सोडियमला अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं म्हणून तो इलेक्ट्रॉन देतो" हे वाक्य आपण सगळेच वापरतो, पण त्यात खरं कारण येत नाही. अणूला इच्छा नसते, ऊर्जेचा जमाखर्च असतो. एक मोल मीठ, म्हणजे ५८.५ ग्रॅम, सोडियम धातू आणि क्लोरीन वायूपासून बनताना काय काय घडतं ते पाहा. आकडे किलोज्यूलमध्ये आहेत.

सोडियमचे घट्ट बसलेले अणू सुटे करायला खर्च १०७. त्या सुट्या अणूंमधून इलेक्ट्रॉन काढायला खर्च ४९६. क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडून अणू सुटे करायला, आपल्याला लागतो त्या अर्ध्या मोलसाठी, खर्च १२१. क्लोरीन अणूने इलेक्ट्रॉन घेतला की ३४९ परत मिळतात. इथवरची बेरीज करा: १०७ + ४९६ + १२१ − ३४९ = ३७५. म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन झाल्यावर, अष्टकं पूर्ण झाल्यावरसुद्धा, आपण ३७५ किलोज्यूल तोट्यातच आहोत! पेरणीला बियाणं-खतात पैसा आधी घालावा लागतो आणि हाती येतं ते काढणीनंतर, तसंच हे. काढणी होते शेवटच्या टप्प्यात: धन सोडियम आयन आणि ऋण क्लोराइड आयन जवळ येऊन स्फटिकात रचले जातात तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. ३७५ − ७८७ = −४१२. शिल्लक राहिली ती उष्णता, आणि म्हणून मीठ टिकाऊ.

आयनिक बंध म्हणजे इलेक्ट्रॉन देणं नव्हे. इलेक्ट्रॉन दिल्याने आयन होतात. बंध म्हणजे त्यानंतर विरुद्ध भारांत निर्माण होणारं आकर्षण. व्याख्येत या दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या तर उत्तर नेमकं होतं.

सोडियम एकच का देतो, दोन का नाही, याचंही उत्तर याच हिशोबात आहे. पहिल्या इलेक्ट्रॉनला ४९६ लागतात, दुसऱ्याला ४५६२. तो दुसरा आतल्या भरलेल्या कवचातला, केंद्रकाजवळचा. एवढा खर्च कुठलाच स्फटिक भरून देऊ शकत नाही. मॅग्नेशियमचे आकडे ७३८, १४५१ आणि मग एकदम ७७३३. उडी कुठे पडली ते बघा, म्हणजे मॅग्नेशियमची संयुजा (किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो तो आकडा) २ का, हे वेगळं पाठ करायची गरज उरत नाही.

भार वाढला की आकर्षणही वाढतं. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये +२ आणि −२ असे भार असतात, तिथे वितळबिंदू २८०० च्याही वर जातो, म्हणूनच ते भट्ट्यांच्या अस्तराला वापरतात.

तिसरी पायरी: आयनिक संयुगाचं सूत्र

नियम एकच: एकूण धन भार आणि एकूण ऋण भार यांची बेरीज शून्य आली पाहिजे. संयुजा तिरप्या फिरवायची शाळेतली पद्धत याच नियमाचं सोपं रूप आहे, पण ती डोळे झाकून वापरली की तीन चुका हमखास होतात.

पहिली: गुणोत्तर सोपं न करणं. मॅग्नेशियम २, ऑक्सिजन २, तिरपं फिरवलं की दोनास दोन येतं. ते एकास एक करूनच लिहायचं. दुसरी: मूलकाचा, म्हणजे अनेक अणूंच्या मिळून झालेल्या आयनाचा, कंस विसरणं. कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये हायड्रॉक्साइड दोन आहेत, म्हणजे ऑक्सिजनही दोन आणि हायड्रोजनही दोन. कंस नाही घातला तर ते २ फक्त हायड्रोजनला लागतं आणि ऑक्सिजन एकच उरतो. तिसरी: अंतिम सूत्रात भाराची चिन्हं ठेवून देणं. आयन सुटे दाखवताना चिन्हं हवीत, संयुगाच्या सूत्रात नकोत.

थोडं अवघड उदाहरण घेऊ: कॅल्शियम फॉस्फेट, हाडांतल्या खनिजाचा जवळचा नातलग. कॅल्शियमवर +२, फॉस्फेटवर −३. २ आणि ३ यांचा लसावि ६. सहा धन भारांसाठी ३ कॅल्शियम, सहा ऋण भारांसाठी २ फॉस्फेट. सूत्रात कॅल्शियमला ३, फॉस्फेटला कंस, कंसाबाहेर २. लसाविची ही रीत तिरप्या रेषांपेक्षा बरी, कारण गुणोत्तर आपोआप सोपं होऊनच येतं.

डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट. त्यात अमोनियम आयन दोन, प्रत्येकी +१, आणि हायड्रोजन फॉस्फेट आयन एक, −२. अमोनियमच्या आत नायट्रोजन आणि चार हायड्रोजन यांच्यात सहसंयुज (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीचे) बंध, अमोनियम आणि फॉस्फेट यांच्यात आयनिक आकर्षण. एकाच दाण्यात दोन्ही. "संयुग एक तर आयनिक, नाही तर सहसंयुज" अशी दोन खणांत वाटणी करायची सवय मूलकं आली की सोडावी लागते.

आणखी एक: मिठाचा "रेणू" नसतो. स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. कोणता कोणाचा, हे सांगताच येत नाही. सूत्र फक्त १:१ हे गुणोत्तर सांगतं. ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांनी ही रचना १९१३ मध्ये उलगडली आणि १९१५ चं नोबेल मिळवलं.

लोहाचे दोन भार आणि उसावरचा केवडा

काही धातूंचे एकाहून अधिक आयन होतात. लोहाचे दोन: +२ चा फेरस, +३ चा फेरिक. हे पाठ करण्यापेक्षा बघून घ्यावं. खताच्या दुकानात हिराकस मिळतं, ते म्हणजे फेरस सल्फेट. ताजं हिराकस फिकट हिरवं असतं, उघडं पडून राहिलेल्या पुडीत खड्यांवर तपकिरी-पिवळट भुकटी धरते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे फेरसचा आणखी एक इलेक्ट्रॉन गेला आणि तो फेरिक झाला.

अर्धा ग्लास पाण्यात चिमूटभर ताजं हिराकस विरघळवा आणि चुन्याची निवळी चार-पाच चमचे घाला. मळकट हिरवा साका तयार होईल. ग्लास तसाच ठेवा. जिथे हवा लागते तो वरचा थर आधी तपकिरी होतो, तळाचा हिरवा बराच वेळ टिकतो. रंगाची ही सीमा खाली सरकताना दिसते. निवळीऐवजी गढूळ चुना घातला तर पांढऱ्या कणांत रंग हरवतो, आणि हिराकस जुनं असेल तर साका पहिल्यापासूनच तपकिरी येतो.

मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त जमिनीत हेच घडतं. मातीत लोह भरपूर असूनही अल्कधर्मी जमिनीत ते फेरिक रूपात न विरघळणारं होऊन बसतं. मुळांना मिळत नाही, आणि उसावर केवडा पडतो: पान पिवळं, शिरा हिरव्या. फवारणीसाठी हिराकसाचं द्रावण ताजंच करायचं आणि त्यात लिंबूसत्त्व घालायचं, हा सल्ला याच एका इलेक्ट्रॉनपायी दिला जातो.

चौथी पायरी: भागीदारीचे बंध

इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवायची आणि दोन अणूंमधली जोडी म्हणजे बंध मानायची रीत गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. ठिपके अंदाजाने मांडत बसण्यापेक्षा हा क्रम धरा:

१. सगळ्या अणूंचे संयुजा इलेक्ट्रॉन मोजून बेरीज करा.
२. ज्याची संयुजा जास्त तो अणू मध्ये ठेवा. हायड्रोजन कधीच मध्ये येत नाही.
३. मधला अणू आणि प्रत्येक शेजारी यांच्यात एकेक जोडी द्या.
४. उरलेले इलेक्ट्रॉन आधी बाहेरच्या अणूंना आठ होईपर्यंत वाटा, मग उरले तर मधल्याला.
५. मधल्याला आठ झाले नाहीत तर शेजाऱ्याची बंधात नसलेली एकेक जोडी बंधात ओढा.

कार्बन डायऑक्साइडवर चालवून बघू. कार्बनचे ४, दोन ऑक्सिजनचे ६ + ६, एकूण १६. दोन बंधांत ४ गेले, उरले १२. दोन्ही ऑक्सिजनना सहा-सहा दिले, त्यांचे आठ-आठ झाले, हातात शून्य. पण कार्बनभोवती चारच. म्हणून प्रत्येक ऑक्सिजनची एक जोडी मध्ये ओढली, दोन्हीकडे दुहेरी बंध झाले. पुन्हा मोजा: एकूण १६ च हवेत. १८ किंवा २० ठिपके आले असतील तर भागीदारीतले इलेक्ट्रॉन कागदावर दोनदा काढले गेले आहेत. या प्रश्नात सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

पाणी (८ इलेक्ट्रॉन), अमोनिया (८), मिथेन (८) या तिन्हींत बेरीज सारखीच येते. फरक पडतो तो मधल्या अणूवर उरलेल्या जोड्यांचा: पाण्यात दोन, अमोनियात एक, मिथेनमध्ये एकही नाही. त्या जोड्या बंधांना लोटतात, म्हणून पाण्याचा रेणू सरळ रेषेत न राहता १०४.५ अंशांत वाकतो.

नायट्रोजनचा रेणू सोडवा: ५ + ५ = १०, आणि दोघांनाही आठ हवेत. तिहेरी बंधाशिवाय जमत नाही. हा बंध तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात. हायड्रोजनच्या एकेरी बंधाला ४३६ आणि ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाला ४९८ पुरतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही कपाशीला तो थेट घेता येत नाही, तो या बंधामुळे. कारखान्यात अमोनिया बनवताना तो तोडायला उत्प्रेरक लागतो, शिवाय चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू तेच काम शेतातल्या साध्या तापमानाला, विकराच्या जोरावर करतात. गाठ फोडून आत गुलाबी-लालसर दिसली की काम चालू आहे असं समजावं.

अष्टकाच्या नियमाला अपवाद आहेत. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन, फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये फॉस्फरसभोवती दहा. बाहेरचं कवच आधीच भरलेले राजवायू तर काहीच करत नाहीत असं मानलं जाई, पण नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये झेनॉनचं संयुग करून दाखवलं. अष्टकाचा नियम कामाचा आहे, पण त्याला निसर्गाचा कायदा समजू नये.

धातूंतल्या बंधाबद्दल शाळेच्या पातळीवर एवढंच पुरे: अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात आणि ते सगळ्या तुकड्यात मोकळे फिरतात. त्यामुळे जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तापलेली कांडी दाबली की अणूंचे थर सरकतात आणि बंध टिकून राहतात, कांडीची सळई होते. मिठाचा खडा ठोकला तर सारखे भार समोरासमोर येतात आणि खडा फुटतो.

मधली वाट

हायड्रोजन क्लोराइड वायू सहसंयुज आहे, तरी पाण्यात गेल्यावर आयन देतो. यात विसंगती नाही. भागीदारी सारखी नसते: क्लोरीनची विद्युतऋणता (बंधातली जोडी आपल्याकडे ओढायची ताकद) ३.१६, हायड्रोजनची २.२०, म्हणून जोडी क्लोरीनकडे झुकलेली असते. पाण्याचे रेणू हायड्रोजनला आपल्याकडे ओढतात आणि जोडी पूर्णपणे क्लोरीनकडे राहते. दोन विद्युतऋणतांत १.७ पेक्षा जास्त फरक असेल तर आयनिक, हा नियम काही ठिकाणी वाचायला मिळतो. तो ढोबळ आहे. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८, तरी तो सहसंयुजच.

तसाच आणखी एक गैरसमज: आयनिक म्हणजे पाण्यात विरघळणारच. मग काळ्या रानात पांढऱ्या चुनखडीचे खडे इतके पावसाळे टिकले असते का? तिथे कॅल्शियम आणि कार्बोनेट आयनांची एकमेकांवरची पकड पाण्याच्या ओढीपेक्षा भारी पडते.

आयन आहेत की नाहीत, ते दिव्याने तपासा

लागणारं साहित्य: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, लाल एलईडी, ४७० ओहमचा रोधक (पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी), तीन वायरी आणि दोन पेन्सिली. पेन्सिलींची दोन्ही टोकं सोला, एका बाजूला शिसं दोन सेंटिमीटर उघडं करा. बॅटरीचं धन टोक, रोधक, एलईडीचा लांब पाय, आखूड पायापासून एक पेन्सिल. दुसरी पेन्सिल बॅटरीच्या ऋण टोकाला. पेन्सिली एका पुठ्ठ्यात एक सेंटिमीटर अंतरावर खोचून पक्क्या करा, नाहीतर प्रत्येक वेळी अंतर बदलतं आणि तुलना फसते. घरातल्या सॉकेटची वीज या प्रयोगाला कधीच वापरायची नाही.

आधी दोन्ही शिसं एकमेकांना टेकवून दिवा लागतो का बघा. लागला नाही तर एलईडी उलटा आहे. मग प्रत्येकी १०० मिलिलिटर घेऊन या क्रमाने तपासा: इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात दोन चमचे साखर, वेगळ्या ग्लासात डिस्टिल्ड वॉटर आणि अर्धा चमचा मीठ, कोरडं मीठ, बोअरचं पाणी, शेवटी लिंबाचा रस. प्रत्येक वेळी शिसं डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पुसायची. साखरेला मिठाचाच चमचा वापरला तर साखरेच्या पाण्यातही दिवा लागतो आणि सगळा वर्ग गोंधळतो.

मिठाच्या पाण्यात दिवा ठळक. साखरेत नाही: साखरेचे रेणू अख्खे सुटतात, त्यांच्यावर भार नाही. बोअरच्या पाण्यात मंद, पण लागतो, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असे आयन आधीच विरघळलेले असतात. साबणाला फेस न येणं आणि पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर धरणं हे त्यांचंच काम. सर्वांत बोलकं उत्तर कोरड्या मिठाचं: आयन खच्चून भरलेले, तरी दिवा नाही, कारण ते जागेवर जखडलेले आहेत. पाणी मिठात आयन तयार करत नाही, असलेले मोकळे करतं.

९ व्होल्टऐवजी दोन पेन्सिल सेल लावले तर मिठाच्या पाण्यातही दिवा लागत नाही आणि "प्रयोग चुकला" म्हणून सोडून दिला जातो. दोन सेल मिळून ३ व्होल्ट. लाल एलईडी त्यातले सुमारे २ घेतो, आणि शिसांवर क्रिया चालायला साधारण आणखी २ लागतात. हिशोबच बसत नाही. आजकालचे काही एलईडी मात्र अगदी कमी प्रवाहातही मिणमिणतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये पुसट उजेड दिसला तरी घाबरू नका, मिठाच्या पाण्याशी तुलना करा. मिठाच्या पाण्यात ऋण शिसावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, धन शिसाशी थोडा क्लोरीन सुटतो. खिडकी उघडी ठेवा आणि मिनिटाभरात आवरा.

मोरचूद, खिळा आणि मोसंबीची बाग

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्याचा निळा रंग पाणी धरलेल्या +२ तांबे आयनांचा. प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम मोरचूद विरघळवा. साधा लोखंडी खिळा पॉलिश पेपरने चकचकीत घासून त्यात अर्धा बुडवा. काही मिनिटांत बुडालेल्या भागावर तांबूस थर येतो. लोहाने दोन इलेक्ट्रॉन दिले, तांब्याच्या आयनाने घेतले, आयनाचा अणू झाला. एक-दोन दिवसांत निळा रंग फिका पडतो. गॅल्व्हनाइज्ड खिळ्यावर काळपट थर येतो कारण आधी जस्त क्रिया करतं, आणि स्टेनलेस स्टीलवर फारसं काही घडत नाही. मोरचूद विषारी आहे: हातमोजे घाला, उरलेलं द्रावण नाल्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतू नका.

जालना-संभाजीनगर पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागांत हेच रसायनशास्त्र रोज वापरात आहे. बुरशीवर फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. मिश्रण तयार झाल्यावर त्यात घासलेला विळा किंवा खिळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळे तांबे आयन शिल्लक आहेत, ते कोवळी पानं जाळतील. म्हणून चुना वाढवायचा. मिश्रण लोखंडी ड्रममध्ये का करत नाहीत, हे आता वेगळं सांगायला नको.

पोत्यांकडे परत, आणि एक सोडवायचा प्रश्न

युरिया जमिनीत पडल्यावर युरिएज विकरामुळे त्यापासून अमोनियम आयन होतात. काळ्या मातीच्या चिकणकणांवर ऋण भार असतो, म्हणून +१ चा अमोनियम आणि पोटॅशियम त्यांना धरून राहतात. पुढे जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात, −१. ऋणाला ऋण धरत नाही, नायट्रेट मोठ्या पावसात खाली वाहून जातो. नत्र एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्या म्हणतात, त्यामागे हाच एक वजाचा भार आहे.

आता तुरटी. तिच्यात पोटॅशियम आयन एक, ॲल्युमिनियम आयन एक, आणि सल्फेट आयन किती, ते काढा. धन भार १ + ३ = ४. सल्फेटवर −२. म्हणजे सल्फेट दोन. शिवाय स्फटिकात पाण्याचे १२ रेणू असतात, पण ते उदासीन, म्हणून भाराच्या हिशोबात धरायचे नाहीत. सल्फेटच्या आत सहसंयुज बंध, आयनांमध्ये आयनिक आकर्षण, आणि पाण्याच्या रेणूंच्या आत पुन्हा सहसंयुज.

तुरटीतल्या आयनांचं काम बघायला दोन बरण्यांत काळ्या मातीचं गढूळ पाणी घ्या. एकीत तुरटीचा खडा तीन-चार वेळा फिरवा, दुसरी तशीच ठेवा. अर्ध्या तासात पहिलीतली माती पुंजके धरून तळाला बसू लागते: +३ चे ॲल्युमिनियम आयन कणांवरचा ऋण भार मारतात आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका त्यांना सोबत खाली नेतो. तिसऱ्या बरणीत तुरटीऐवजी मीठ घालून बघा. +१ च्या सोडियमला तेच काम जमवायला कितीतरी पट जास्त मीठ लागतं.